डावा फ्लिपर

ह्यांना यंत्र नवंच हवं होतं. हे म्हणजे माझे यजमान. बायकांनी नवऱ्याचं नाव घेऊ नये असं आता आमच्या रत्नागिरीतही कोणी मानत नाही, पण मला नाव घ्यायची सवय शेवटपर्यंत लागली नाही, आणि आता नव्याने लावून घेण्यात काही अर्थ नाही. तेव्हा हे.

हे जहाजावर चीफ इंजिनिअर होते. उमेदीची सगळी वर्षं इंजिनरूममध्ये गेली. परदेशच्या बंदरांत खलाशांसाठी क्लब असतात, तिथे एका कोपऱ्यात पिनबॉलचं यंत्र असायचं. आपल्याकडे पूर्वी मुलं बगाटेल खेळायची, लाकडी पाटीवर खिळे ठोकलेले आणि त्यांतून गडगडत येणारी गोळी, त्याचाच हा थोरला, विजेवर चालणारा भाऊ. उतरत्या टेबलावर काच, काचेखाली पोलादी गोळी, आणि तळाशी दोन लहानशा वल्ह्यांसारखे हात. डाव्या बाजूचं बटण दाबलं की डावा हात उडतो, उजवीकडचं दाबलं की उजवा. गोळी खाली येऊन नाहीशी होण्याआधी तिला त्या हातांनी परत वर भिरकवायचं. त्या हातांना फ्लिपर म्हणतात. एवढंच मला बरीच वर्षं माहीत होतं, आणि एवढंच पुरेल असं मला वाटत होतं.

निवृत्त झाल्यावर लोक जागा घेतात, कलमं लावतात. ह्यांनी मुंबईला फोन लावला. परदेशातून खेळाची यंत्रं मागवून मॉलवाल्यांना विकणारा एक व्यापारी ह्यांनी शोधून काढला होता. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून नुकतीच घरी आले होते, चहा टाकत होते. फोन स्पीकरवर होता.

“कुठल्या मॉलसाठी, सर?”

“मॉल नाही. घरी.”

“अच्छा. लोणावळ्याला का?”

“रत्नागिरीला.”

मग तो म्हणाला, “सर, माझ्याकडे एक वापरलेलं मशीन आहे, अगदी छान कंडिशनमध्ये—”

“वापरलेलं नको. दुसऱ्यांनी केलेल्या चुका निस्तरायचं काम मी आयुष्यभर केलंय. ह्यात माझ्याच चुका असू देत.”

“सर, पण तिकडे सर्व्हिस नाही मिळणार.”

“सर्व्हिस मी करीन. पार्ट मिळतील का ते सांगा.”

“पार्ट काय, मिळतात की,” तो म्हणाला.

यंत्र आलं तेव्हा टेम्पो आमच्या अरुंद पाखाडीत शिरेना. मुख्य रस्त्यावरच त्याने खोकं उतरवलं. मग चार माणसं बोलावून, खोक्याला दोर आवळून, बांबू घालून ते खांद्यावरून घरापर्यंत आणलं. दोन्ही बाजूंच्या दगडी गडग्यांवरून लोक बघत होते. समोरच्या म्हाताऱ्या काकूंनी हात जोडले आणि मला म्हणाल्या, “काय गो, यंदा शिमगा लवकर आला काय? पालखीत कोण बसलंय?”

“ह्यांची धाकटी,” मी म्हटलं.

“मग ओवाळ की मेल्ये तिला.”

मी खरोखरच दारात पाणी ओवाळून टाकलं. ह्यांना हसू आवरेना.

ते यंत्र पुढच्या खोलीत उभं राहिलं. ती खोली म्हणजे मुळातली पडवी, नंतर भिंती घालून बंद केलेली. पावसाचं पाणी बाहेर पडावं म्हणून तिच्या फरशीला पहिल्यापासून दाराकडे उतार होता. पिनबॉलच्या यंत्राला ठरावीक उतार लागतो, पण फक्त पुढच्या बाजूला. आडवा उतार मुळीच चालत नाही. हे गवंड्याकडून पाणसळ मागून घेऊन आले आणि यंत्राच्या पायांखाली पत्र्याचे तुकडे सरकवत बसले. आत जेवण गार झालं. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला तेव्हा मला हाक मारून बोलावलं आणि दाखवला. मी म्हटलं, छान आहे. बुडबुड्याविषयी दुसरं काय म्हणणार.

पुढची वर्षं चांगली गेली. मी आतल्या खोलीत वाचत बसायची आणि पुढच्या खोलीतून खटाखट, घंटा, मधूनच ह्यांचं “अरे अरे अरे”. काही दिवसांनी तो आवाज थांबला तरच माझं लक्ष पुस्तकातून उडायचं. आमच्या हवेत खार. पावसाळ्यात पोलादी गोळीवरसुद्धा तांबूस ठिपके यायचे, आणि ठिपके असलेली गोळी टेबलाचा रंग खरवडते. मग हे बेअरिंगच्या दुकानातून त्या मापाच्या गोळ्या आणायचे. रबराच्या कड्या उन्हाने तडकल्या की पंपाच्या सामानाच्या दुकानात जाऊन तशाच शोधायचे. दुकानदार विचारायचा, “साहेब, कसल्या पंपाला?” हे म्हणायचे, “विहिरीवरच्या नाही, पडवीतल्या.” मुंबईच्या व्यापाऱ्याला क्वचितच फोन करावा लागे. केला तर तो म्हणे, बघतो सर, कंटेनर येईल तेव्हा. कंटेनर कधी येईल हे त्यालाही माहीत नसे.

मग एका सकाळी दाढी करताना ह्यांच्या हातातून आरसा पडला. मी धावत गेले तर हे मोरीच्या कट्ट्याला टेकून उभे होते आणि डाव्या हाताकडे बघत होते. हात लोंबत होता. पक्षाघात. दवाखान्यातून घरी आणलं तोवर पाय बराच सावरला होता, बोलणं थोडं जड पण स्पष्ट होतं. हात मात्र सावरला नाही. आणि वाचणं गेलं. अक्षरं दिसायची, ओळखू यायची, पण त्यांची ओळ करून अर्थ ओढून घेणं जमत नव्हतं. ह्याचं मला जास्त भय वाटलं. ह्यांना हाताचं वाटलं.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट यायचा. त्याने एक मऊ चेंडू दिला, डाव्या मुठीत धरून दाबायला. हे तो खाटेवर टाकून द्यायचे.

“दाबा ना हो जरा.”

“मी काय तान्हा आहे चेंडू दाबायला?”

“मग काय कराल?”

“मला उठव.”

उठवलं तर हे थेट पुढच्या खोलीत गेले, यंत्राला पोट टेकवून उभे राहिले आणि उजव्या हाताने डावा हात उचलून त्याची बोटं बटणावर नेऊन ठेवली. मी मागून कमरेच्या पट्ट्याला धरून उभी. गोळी आली, डाव्या बाजूने सरळ खाली गेली. हातापर्यंत हुकूम पोचेतो ती नाहीशी झाली होती. “झोपलाय,” हे हाताला म्हणाले. “ड्युटीवर झोपलाय. दुसरी सोड.”

त्या दिवसापासून हे जे काही उभे राहिले ते तिथेच. न्हाणीपर्यंत जायला कंटाळा करायचे, अंगणात चला म्हटलं तर नको म्हणायचे, पण यंत्रापाशी रोज. मी पट्टा धरून मागे. हळूहळू बोटं हलायला लागली. उशिरा का होईना डावा फ्लिपर उडायचा. कधी एखादी गोळी बरोबर सापडायची, तेव्हा हे मागे वळून माझ्याकडे बघायचे, आणि तोल जाऊ नये म्हणून मी ओरडायची. डॉक्टरांनी हात वरखाली करून पाहिला आणि म्हणाले, “काय करताय ते चालू ठेवा. बंद मात्र पडू देऊ नका. अशा वेळी एकदा मागे गेलेला हात परत आणणं फार कठीण.” ते वाक्य मी घरी येईपर्यंत मनात म्हणत होते.

डावा फ्लिपर मंद पडायला लागला तो त्यानंतर. आधी मला वाटलं ह्यांचाच हात. पण हे म्हणाले, कॉइल. फ्लिपरला झटका देणारी तारेची गुंडाळी असते, ती जळत आली होती.

आमच्याकडे काहीही जळलं की ते री-वाइंडिंगला जातं. पंखा, मिक्सर, विहिरीवरचा पंप. जुनी तार उलगडून टाकायची आणि नवी भरायची. नवी वस्तू आणण्याचा विचार त्यानंतर. ह्यांनी कॉइल माझ्या पिशवीत घातली आणि मला मोटार वाइंडिंगवाल्याकडे पाठवलं. पूर्वी असते तर स्वतः गेले असते, स्टुलावर बसून तारेची जाडी मोजली असती, वेढे मोजले असते, त्या माणसाला भंडावून सोडलं असतं.

वाइंडिंगवाल्याने कॉइल उलगडून पाहिली. “वैनी, ही तार लय बारीक हाय. माझ्याकडं हिच्यापेक्षा जरा जाड हाय ती भरली तर चालंल काय, इच्यारा साहेबांना.”

मी दुकानातून फोन लावला. हे म्हणाले, “चालेल.”

यंत्राच्या बाबतीत हा शब्द मी ह्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. मी फोन कानाशी धरून उभी राहिले. वाइंडिंगवाला तारेचं रीळ शोधायला आत गेला होता.

जाड तारेची कॉइल बसवली आणि डावा फ्लिपर असा काही उडायला लागला की गोळी काचेवर आपटायची. हे खूश. थोडेच दिवस. मग एका दुपारी यंत्राच्या पोटातून फट् आवाज आला, जळका वास आला आणि डावी बाजू पूर्ण निजली. उजवा फ्लिपर उडत होता, घंटा वाजत होत्या, दिवे लागत होते. फक्त डावा नाही. ह्यांनी मला टॉर्च घेऊन आत बघायला सांगितलं. हाताच्या पंजाएवढी एक हिरवी पाटी होती, तिच्यावर एक काळा डाग. मी वर्णन केलं. हे खुर्चीत बसले. “कॉइलने जास्त वीज ओढली,” म्हणाले. “बोर्ड गेला.”

बोर्ड री-वाइंड होत नाही.

मुंबईचा व्यापारी म्हणाला, हा बोर्ड इकडे कुणाकडे नसतो, अमेरिकेतून मागवावा लागेल, कंटेनरची वाट बघायची नसेल तर कुरिअरने मागवतो, कस्टममध्ये थोडे दिवस जातील. मी लगेच हो म्हणणार होते. ह्यांनी हाताने खूण करून थांबवलं.

“कुरिअर कशाला? कोण येतोय ते बघ आधी.”

ही गोष्ट बाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागेल. आमच्या किनाऱ्यावर घरटी एक माणूस जहाजावर. बाहेरदेशची वस्तू पोस्टाने येते हे आमच्याकडे कुणाच्या मनातच येत नाही. ती कोणाबरोबर तरी येते. औषध असो, चीजचा डबा असो, कुणाच्या बाळंतिणीसाठी काही असो, पहिला प्रश्न एकच, कोण येतोय? आणि कोणीतरी येत असतोच. कुठल्या घरचा मुलगा कुठल्या बंदरात आहे आणि कधी उतरणार, हे बायकांना तोंडपाठ असतं. वस्तू अशी आली तर ती सुरक्षित, आणि अशी आणवली नाही तर आणणाऱ्यांचा अपमान. आपली इतकी माणसं समुद्रावर असताना परक्याकडून मागवायची? ह्यांनी आयुष्यभर लोकांच्या वस्तू आणल्या होत्या. एकदा तर कुणाच्या तरी कवळीचा अर्धा भाग.

एक माणूस निघालाच. जयगडच्या बाजूचा, पूर्वी ह्यांच्या हाताखाली असलेला फिटर. आता तोही पन्नाशीला आलेला, पण ह्यांच्याशी बोलताना अजून उभा राहून बोलतो, फोनवरसुद्धा ते कळतं. त्याचं जहाज अमेरिकेच्या एका बंदरात कोळसा भरत होतं.

“चीफसाब, तुम्ही फक्त हुकूम करा. मशीनच्या कंपनीला म्हणावं बोर्ड आमच्या जहाजाच्या एजंटच्या ऑफिसात पाठवा, मी उचलतो. आणि चीफसाब, आम्ही येणार कुठं माहितीय? जयगडलाच! माझ्या दारात! हातात आणून देतो की नाही बघा.”

हे फोन ठेवून कितीतरी वेळ हसत होते. “बघ,” मला म्हणाले, “तुझं कुरिअर आलं असतं का जयगडला?”

बोर्ड जहाजावर पोचला. फिटरने त्याचा फोटो पाठवला, त्याच्या बंकवर टॉवेलमध्ये ठेवलेला, बाळासारखा. मग जहाज निघालं आणि आमची वाट बघणं सुरू झालं.

कोळशाचं जहाज फार हळू चालतं. हे मला ठाऊक होतं, इतकी वर्षं मी दुसरं काय केलं होतं. पण आधी मी ह्यांची वाट बघत होते, आणि ती वाट बघण्यात मला पुस्तकं पुरत होती. आता हे शेजारच्या खुर्चीत होते आणि हात मांडीवर होता. उजवा फ्लिपर चालतो ना, तेवढाच खेळा, उभे तरी राहा, असं मी म्हणायची. “एका वल्ह्याने होडी गोल फिरते,” हे म्हणायचे आणि उठायचे नाहीत. दुपारी मला यंत्राची माहितीपुस्तिका वाचून दाखवायला सांगायचे. मी जन्मभर पुस्तकं जपली, लोकांना शोधून दिली, पण इतक्या निष्ठेने कुठलंच वाचलं नव्हतं. बिघाड आणि त्यांची कारणं असा एक तक्ता होता. मी तो पोथीसारखा वाचायची आणि हे डोळे मिटून ऐकायचे. कळत मला काही नव्हतं. ह्यांना कळत होतं, पण करता येत नव्हतं. आमच्या दोघांत मिळून एक इंजिनिअर पूर्ण होत नव्हता.

फिजिओथेरपिस्ट हात उचलून पाहायचा आणि काही न बोलता खाली ठेवायचा. पूर्वी तो बोलायचा.

मे महिन्यात फिटरचा फोन आला. “वैनी, नांगर टाकला! बाहेरच थांबवलंय अजून, जेट्टी मोकळी नाही. पण मला आमचं देऊळ दिसतंय इथनं. सांगा चीफसाबना.”

मी सांगितलं. हे म्हणाले, “गाडी बोलाव.”

“अहो, जहाज आत आलेलं नाही. तो खाली कसा उतरणार?”

“बघून तर येऊ.”

ओळखीच्या ड्रायव्हरची गाडी होती. ह्यांना पुढच्या सीटवर बसवलं, डावा हात मी मांडीवर नीट ठेवला. जयगडला उंच, उघड्या सड्यावर, समुद्र दिसेल अशा जागी गाडी उभी केली आणि ह्यांच्या बाजूचं दार उघडलं. ऊन मरणाचं होतं. बाहेर पाण्यात तीनचार जहाजं उभी होती. मला सगळी सारखीच.

“ती,” हे म्हणाले. “ती बघ, पाण्यात खोल बसलीय. भरलेली आहे.”

फिटरचा फोन लागला. “चीफसाब, मी डेकवर आहे, मागच्या बाजूला! हात करतोय!”

आम्हाला कोणीच दिसत नव्हतं. ह्यांनी उजवा हात वर केला. मीही केला. ड्रायव्हरनेही केला. तिघंही आम्ही त्या सड्यावर, दिसत नसलेल्या माणसाला हात करत होतो.

ड्रायव्हर बराच वेळ समुद्राकडे बघत होता. मग खाली वाकून ह्यांना म्हणाला, “साहेब, एक सांगू काय? माझा मेव्हणा हितलाच. होडी हाय त्याची. रोज जातो तो त्या जहाजांच्या बाजूनं. वरनं दोरीला बांधून सोडू दे तो बोर्ड. केवढासा हाय तो! जेवायच्या आत तुमच्या हातात.”

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला इतकी आशा त्या सगळ्या महिन्यांत कधी वाटली नव्हती.

“नाही,” हे म्हणाले.

“अहो, काय सोन्याची बिस्किटं आहेत का ती?” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

“कस्टमला सगळं सारखंच. न दाखवता जहाजावरून वस्तू उतरवली की झालं. त्याची सीडीसी जाईल.”

सीडीसी म्हणजे खलाशाचं पुस्तक. ते गेलं की समुद्र संपला, पोट संपलं.

“कोण बघतंय इथं?” ड्रायव्हर म्हणाला. “आन् मी काय बोलनार हाय कुणाला?”

“तो माझ्या हाताखाली शिकलाय,” हे म्हणाले. “मी त्याला हे शिकवलेलं नाही.”

“आणि तुमचा हात?” मी विचारलं.

ह्यांनी मांडीवरच्या हाताकडे बघितलं. कुणीतरी सांभाळायला देऊन गेलेल्या वस्तूकडे बघावं तसं. “तो कुठं जातोय,” म्हणाले. “दोनचार दिवसांचा तर प्रश्न आहे.”

ह्यांचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. बरोबर असलेल्या माणसाशी भांडता येत नाही. नुसतं दार लावून घ्यायचं आणि गाडीत मागे बसायचं. येताना ड्रायव्हरने शहाळी घेतली. ह्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळलं ते मी पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिटरचा फोन आला. तो रडत होता. जहाजाच्या कंपनीचा हुकूम आला होता, कोळसा आधी पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराला द्यायचा. नांगर उचलला होता. “वैनी, देऊळ दिसेनासं झालं,” एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता. ह्यांनी फोन मागून घेतला आणि त्याला समजावलं, असं होतंच, जहाज आपल्या मनाचं नसतं, तू काळजी घे. किती शांतपणे बोलत होते. फोन परत देताना तो ह्यांच्या उजव्या हातातूनही निसटला. मी उचलला.

दुसरा झटका त्यानंतर आला. हा मोठा नव्हता, डॉक्टर म्हणाले, पण ह्यांना खाटेवरून उठणं उरलं नाही.

फिटर तिकडच्या बंदरातून रीतसर सुट्टी घेऊन, गाड्या बदलत रत्नागिरीला उतरला तेव्हा पाऊस पडत होता. स्टेशनवरून स्वतःच्या घरी न जाता तो रिक्षाने आमच्याकडे आला. बोर्ड त्याने जेवणाच्या स्टीलच्या डब्यात, टॉवेलात गुंडाळून आणला होता. कस्टमला दाखवून, कागद करून. डबा माझ्या हातात देताना त्याने दोन्ही हात वापरले. मग आतल्या खोलीत ह्यांना बघून तो दारातच उभा राहिला, आणि मी चहा ठेवायला आत गेले, कारण त्या दोघांमध्ये मी उभं राहायला नको होतं.

त्याने बोर्ड बसवला. मी टॉर्च धरली, पुस्तिकेतलं वाचून दाखवलं. त्याला माझ्या वाचण्याची गरज नसावी, पण त्याने थांबवलं नाही. बटण दाबलं आणि यंत्राचं ते सुरुवातीचं गाणं वाजलं. कितीतरी महिन्यांनी डावा फ्लिपर उडाला. मी आत पळाले.

“ऐकलंत? चला. आम्ही दोघं धरतो. नुसतं उभं राहायचं.”

“नको.”

“अहो, तो एवढ्या लांबून घेऊन आलाय.”

“त्याला खेळू दे.”

फिटरने गोळी सोडली. त्याला खेळता येत नव्हतं. नुसता दोन्ही बटणं दाबत होता. हे डोळे मिटून ऐकत होते. मी खाटेच्या कडेला बसले. अजून उठतील, मला वाटत होतं. आवाज ऐकून उठतील. मग ह्यांनी डोळे उघडले.

“कॉइल कुठली आहे डावीकडे?”

“तीच,” मी म्हटलं. “जाड तारेची.”

“बंद कर. त्याला सांग बंद कर. आधी बंद कर!”

मी ओरडले. फिटरने बटण दाबून वीज तोडली. घरात एकदम फक्त पाऊस ऐकू यायला लागला. ह्यांना धाप लागली होती. “तोही बोर्ड जाळाल,” म्हणाले. मग जरा वेळाने, “कंपनीची कॉइल मागव. तोपर्यंत हात लावायचा नाही.”

फिटर पुढच्या खोलीत यंत्रापाशी उभा होता. “माझ्या ध्यानात यायला हवं होतं, चीफसाब,” तो तिथूनच म्हणाला. पण चूक त्याची नव्हती. आमच्यापैकी कुणाचीच तशी नव्हती. एका दुपारी एक रीळ दुकानात नव्हतं, एवढंच.

कॉइल मी त्याच संध्याकाळी मुंबईच्या व्यापाऱ्याकडे नोंदवली. कुरिअरने पाठवा म्हटलं. ह्यांना विचारलं नाही, आणि ह्यांनीही कोण येतोय असं विचारलं नाही. तो म्हणाला, मागवतो मॅडम, कॉइल काय, मिळते.

यंत्र बंद होतं. हे त्यानंतर फार दिवस नव्हते. शेवटच्या दिवसांत मला पुस्तिका वाचायला सांगायचे, आणि मी वाचायची. कधी ऐकत असत, कधी नसत. मी वाचायची थांबले तर बोट हलवत. उजव्या हाताचं. एका पहाटे मी उठून बघितलं तर पाऊस उघडला होता आणि हे गेले होते. फिटर आला, शेजारचे आले, समोरच्या काकू मला धरून बसल्या. पुढच्या खोलीत जागा हवी म्हणून चौघांनी मिळून यंत्र भिंतीकडे सरकवलं. पायांखालचे पत्र्याचे तुकडे तिथेच राहिले.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले. फिटर पुन्हा जहाजावर गेला. जाताना म्हणाला, वैनी, पुढच्या सुट्टीत येऊन कॉइल बसवून देतो. मी बरं म्हटलं.

मग व्यापाऱ्याचा फोन आला.

“मॅडम, तुमची कॉइल आलीय. दोन मागवून ठेवल्यात, एक स्पेअर. पाठवू ना?”

मी फोन धरून पुढच्या खोलीत उभी होते. त्याला काही माहीत नव्हतं. सांगायचं तर कुठून सुरुवात करायची हे मला कळेना. नको म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं, आणि ते वाक्य मला त्या वेळी तोंडातून काढता येत नव्हतं.

“सर काय म्हणतात? मशीन कसं चाललंय?”

“बंद आहे,” मी म्हटलं.

“मग ही बसवली की होईल सुरू. डावीकडची होती ना?”

“हो. डावीकडची.”

“पत्ता तोच?”

मी तोच म्हटलं. तरी त्याने लिहून घेण्यासाठी पुन्हा विचारला, आणि मी सांगत गेले. आधी ह्यांचं नाव सांगावं लागलं, कारण पार्सल त्याच नावावर होतं. तो म्हणाला, मॅडम, जरा मोठ्याने, ऐकू येत नाहीय. मी मोठ्याने सांगितलं.